काय काय धड आहे

४ ऑक्टोबर
पोचले एकदाची! बसने डोंगराच्या पायथ्याशी सोडलं. तिथून ट्रंक घेऊन वर चढले तरी दम लागला नाही. ग्रीसमधल्या इपिरसच्या डोंगरातलं हे शुश्रूषागृह छोटंसं, पण लख्ख. मुख्य परिचारिका स्तामातियाबाईंनी दारातच मिठी मारली, घेवड्याचं गरम गरम सूप पुढ्यात ठेवलं आणि म्हणाल्या, "रोडांथी, मला आईच समज हो." आई जाऊन बरीच वर्षं झाली. माझे डोळेच भरून आले.

इथली एक पद्धत फार आवडली. संध्याकाळी पेशंटच विचारतात, पोरी, तुझं काय काय धड आहे ते सांग, ऐकून आम्हाला बरं वाटतं. मी म्हटलं, गुडघे! आणि दृष्ट लागू नये म्हणून आजीने शिकवल्याप्रमाणे गळ्याशी तीनदा थू थू केलं. बाई हसल्या. "अगं, आजाऱ्यांसमोर थुंकतेस? नर्सला शोभतं का?" मेल्याहून मेल्यासारखं झालं.

९ ऑक्टोबर
झीसीसकाकांना उभं राहता येत नाही. त्यांचे पाय धुताना मनात आलं, आपण चालतो, धावतो, कधी त्याबद्दल देवाचे आभार मानलेत? आज मानले, मोठ्याने, न थुंकता. काकांनी डोक्यावरून हात फिरवला. इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

१४ ऑक्टोबर
काका चक्क खिडकीपर्यंत चालत गेले! मी टाळ्या पिटल्या. माझेच गुडघे धरलेत, ती चढण बाधली असणार. रल्लूआजींना दिसत नाही. त्यांना कौतुकाने सांगितलं, मी पहिल्या फटक्यात सुईत दोरा ओवते.

१८ ऑक्टोबर
अक्षरं पुसट दिसतात. काठीशिवाय उठवत नाही. मघाशी रल्लूआजी म्हणाल्या, "निळा स्वेटर खुलतो गं तुला." त्यांना कसं —

१९ ऑक्टोबर
डॉक्टरांनी बाईंना सहज विचारलं, तब्येत कशी आहे. उत्तम, म्हणाल्या. मग भिंतीकडे वळून तीनदा थुंकल्या. वळल्या तर समोर मी. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. काकांना विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं? त्यांनी पाय पांघरुणाखाली ओढून घेतले. सगळ्यांना ठाऊक होतं! या बाईला मी आई मानलं. ज्यांचे पाय धुतले त्यांनीच — बसपर्यंत उतरायला आता पाय कुठून आणू?

२३ ऑक्टोबर
मलाच खाटेवर घातलंय. शेजारी नवा पेशंट, बाईंचा धाकटा भाऊ. अर्धांगवायूने उजवा हात लुळा. काका सूप भरवतात, लाडाने विचारतात, आता काय उरलंय गं धड? मी तोंड उघडत नाही. बाईंनी वही मांडीवर आणून ठेवली. बोलायचं नसेल तर लिही पोरी, मन मोकळं होतं —

तारीख माहीत नाही
काही दिसत नाही. अंदाजाने लिहितेय — बोललं की जातं. लिहिलेलं कोण ऐकतं? माझ्या तोंडून अवाक्षर निघणार नाही — तळतळाट लागेल तुम्हाला — पण देवा, तुझे उपकार, एवढं तरी ठेवलंस, उजवा हात अजून ठणठ