एकशे चाळीस अंश

३ मार्च
हसनाबादेत पोचलो. शोधपथकाचा प्रशिक्षक म्हणून पहिलाच दिवस, आणि गावाने चहावर चहा पाजून पोट फुगवले! पथकातली गंधाली भलती हुशार. डोंगरात हरवलेला माणूस हाका मारत असेल, तर दोघांनी दोन टेकड्यांवरून होकायंत्राने आवाजाची दिशा घ्यायची, अंश वॉकीटॉकीवर सांगायचे आणि नकाशावर दोन रेघा ओढायच्या. रेघा मिळतात तिथे माणूस. तिला हे एका सकाळीत जमले. खोलीही हवेशीर मिळाली. मजेत जाणार इथले दिवस.

६ मार्च
सराव पाहायला गावातला राधाकिसन आला. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको वच्छलाबाई शेळ्यांमागे गेली आणि पळसाच्या घळीत पाय मोडून पडली. दोन दिवस हाका मारून मेली. तेव्हाच्या शोधात दुसरी दिशा घेणारा साहेब कोण होता, असे त्याने विचारले. “त्याला एकदा त्या घळीत बसवायचंय. बाकी कायबी न्हाई.”

कागद बघावे लागतील, म्हणालो. कागद कशाला? मीच होतो. जालन्याहून एका दिवसापुरता आलो होतो. ऊन मरणाचे, म्हणून जीपमधून उतरलोच नाही. एकशे चाळीस अंश, असे ठोकून दिले. पथक भलतीकडे गेले. लाज वाटते, पण नोकरी घालवण्याइतकी नाही.

९ मार्च
माझे होकायंत्र अडकले. कुठेही वळलो तरी एकशे चाळीस. नवे घेतले, तेही तसेच. गंधालीच्या हातात दोन्ही नीट चालतात.

११ मार्च
भर दुपारी बाईच्या हाका. घळीकडून. गंधालीला ऐकू येत नाहीत. उद्या सरावात टेकडी सोडून बघून येतो. कुणाला सांगणार नाही— सांगू तरी काय?

१२ मार्च
दगड निसटला. घळीत पडलोय. पाय मोडला. मोबाइलला रेंज नाही. शिट्टी फुंकतोय—

गंधालीने ऐकली. वॉकीटॉकीवर आपले अंश सांगितले, मग माझे विचारले. तिला वाटतेय, मी टेकडीवरच आहे. बटण दाबून ओरडलो, मी घळीत—

उत्तर गेले. माझ्याच आवाजात. एकशे चाळीस.

बराबर सर, म्हणाली. निघाले सगळे, उलट दिशेला—

पळसाखाली कुणी बसलेय. तिचाही पाय—

“मारा हाका, सायेब. म्या दोन दिस मारल्या.”

मारतोय. गंधाली— गंधा—