मास्तरांना एक दिवस गप्प केल्याची हकिगत

ती. आक्कास,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे मनातल्या मनात). तुझा खोकला गेला असेल आणि भाऊजींचा राग गेला नसेल, असं धरून चालतो.

कळवायला आनंद वाटतो की तुझा भाऊ जिंकला! जुनी शिलाई मशीनं दुरुस्त करणाऱ्यांचा आपला ऑनलाइन ग्रुप मी सांभाळतो, हे तू जाणतेसच (चार हजार माणसं, आणि एकाचं दुसऱ्याशी पटेल तर शपथ). गेल्या आठवड्यात एका नव्या बाईंनी विचारलं, मशीनला स्वयंपाकाचं तेल चालेल का? झालं! ज्यांच्या हाताखाली मी शिवणकाम शिकलो ते मास्तर आधी धावले: "चालेल की, वर मोहरीची फोडणीही द्या!" मास्तरांनी काडी टाकल्यावर बाकीच्यांनी सरपण आणलं. त्यात बाईंनी तोच प्रश्न तीनदा टाकलेला, तेव्हा हाकला त्यांना, असा मास्तरांचा हुकूम सुटला (स्वतः रोज सकाळी फुलांची सतरा चित्रं टाकतात, ते वेगळं).

माझं बोट बटणापर्यंत गेलंही होतं. म्हटलं, आधी बघू तरी. पाहतो तर काय, नव्यांचं लिखाण माझ्या मंजुरीशिवाय कुणाला दिसतच नाही, आणि मी दोन दिवस दुकानाचा माळा आवरण्यात गुंग! बाईंना वाटलं, प्रश्न पोचलाच नाही. म्हणून त्या पुन्हा पुन्हा टाकत राहिल्या, आणि मी तिन्ही न वाचता एकदम मंजूर केले. चोर मी, आणि सुळावर चालल्या होत्या त्या!

सर्वांसमक्ष बाईंची माफी मागितली आणि टिंगल केल्याबद्दल, नियमाप्रमाणे, मास्तरांना एक दिवस गप्प केलं. त्या रागात अकरा जण ग्रुप सोडून गेले. मास्तरांचा फोन आला.

"मला? तुला कात्री धरायला कुणी शिकवलं रे?"

"तुम्हीच. पहिल्याच दिवशी मी कापड उलटं कापलं, तेव्हा तुम्ही हसला नव्हता."

त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी अडकलेल्या चाकाचा व्हिडिओ टाकला. पहिलं उत्तर मास्तरांचं! घरचं तेल सुकून चिकट का होतं, इथपासून सुरुवात करून बारा ओळी, आणि शेवटी "विचारायला लाजू नका." संध्याकाळी मशीन धडधडायला लागलं. अकरातले नऊ गुपचूप परतले. मी कॉलर ताठ करून फिरतोय.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. मास्तरांना गप्प करताना बोट घसरलं आणि तू ग्रुपबाहेर पडलीस. ओळखीने आत घेता येत नाही, तेव्हा नव्यांच्या रांगेतून ये.

ता. ता. क. नव्यांच्या स्वागताला मी मास्तरांनाच नेमलंय. सुईत दोरा कसा ओवतात असं त्यांनी विचारलं, तर चिडू नकोस. नेमल्याबरोबर परीक्षा म्हणून मलाही विचारलं.