औट सोडून

इस्लामपूर,
११ फेब्रुवारी २०२५

ती. नानासोकाका यांना समीक्षाचा नमस्कार.

तुमचा फोन लागत नाही, म्हणून कुपवाडला वर्कशॉपच्या पत्त्यावर पत्र टाकतेय. तीन वर्षं आपण टेलिग्रामच्या ग्रुपवर नुसतं गणित केलं, भेटलो कधीच नाही. तेव्हा अक्षर ओळखणार नाही तुम्ही. गुडघा कसा आहे? इकडे सराव परीक्षेचे गठ्ठे पडलेत. वर्गात पोरं पेंगतात, मीही पेंगते. लय दमलेय काका, आणि ते काही पेपरांमुळे नाही.

पत्र्याचं कोडं तुम्हीच ग्रुपवर टाकलेलं. कचरा न पाडता एकसारखे तुकडे कसे निघतील? आम्ही शिकलेल्यांनी नियम मांडला. लांबी रुंदीच्या दीडपट, अडीचपट, अशी वाढत गेली तर काय होतं, ते तुम्ही भंगारातला पत्रा कापून बघितलंत आणि लिहिलंत, "औट सोडून समद्याला नियम लागतोय."

मी ते आपल्या लेखासाठी इंग्रजीत उतरवलं. औट म्हणजे आउट, असं वाचलं. बाहेरचं सोडून बाकीच्याला नियम लागतो, हे काय सांगायचं, म्हणून ते दोन शब्द गाळले.

लेख छापून आल्यावर डिसेंबरात परदेशातल्या कुणीतरी साडेतीनपटीला नियम मोडतो असं उदाहरण टाकलं आणि लेख आडवा झाला. साताऱ्याच्या जयराजनं ग्रुपवर विचारलं, हे तपासलं कुणी? मी लिहिलं, तो भाग नानासोंकडे होता. पुढं पत्रा कापणाऱ्याला गणितात कशाला घेतलं इथपर्यंत लोक बोलले. मी वाचत बसले. तुम्ही एवढंच लिहिलंत, "म्या लिवलं हुतं," आणि ग्रुप सोडलात. मी ग्रुपवर मागे जाऊन तुमचा मेसेज पुन्हा काढला. पुन्हा आउटच वाचलं.

मग एक दिवस सासूबाई दारावरच्या कापडवाल्याला म्हणाल्या, औट हात दे. मी विचारलं, औट म्हणजे किती?

"साडेतीन गं. गणिताची मास्तरीण ना तू?"

मी आत जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले.

त्याला आज बावीस दिवस झाले. एवढे दिवस का थांबले, तेच लिहायचं टाळत होते. लेखावर पहिलं नाव माझं, आणि त्याच्या जोरावर साताऱ्याच्या एका कॉलेजातून मुलाखतीचं बोलावणं आलेलं. ती काल झाली. त्यांनी विचारलं, ही चूक कशी झाली? मी म्हणाले, सहकाऱ्याकडून. सगळं कळून म्हणाले. येताना एसटीत स्वतःची किळस आली. नोकरी मिळाली तर रोज हेच तोंड घेऊन शिकवायला उभं राहायचं.

आज सकाळी ग्रुपवर सगळं लिहिलं. नानासोंनी बरोबर सांगितलं होतं, मला मराठी आकडा कळला नाही. तेच कॉलेजलाही कळवलंय. लेख दुरुस्त केलाय. पहिलं नाव तुमचं घातलंय, आणि इंग्रजी मजकुरात "औट" मराठी अक्षरांतच ठेवलंय.

परत या म्हणायला तोंड नाही मला. पण साडेचारपटीच्या पुढचं कागदावर काही सुटत नाही. तुम्ही कापून बघितलंच असेल, तर दोन ओळी टाका. मी एकही शब्द गाळणार नाही.

तुमची,
औटकीचा पाढा न शिकलेली मास्तरीण,
समीक्षा