गेटवरचा फोन

प्रिय ठमे,

त्या दिवशी सकाळी मी पाणी भरलं, ओट्यावरचा दुधाचा डाग खरवडला, तुझ्या बाबांचे दोन सदरे भिजत घातले. ते खिडकीशी बसून मला चिडवत होते, की डाग गेला, आता ओटाही जाईल. त्यांची धाप जरा जास्त होती, पण वर्षभर ती कधी जास्त, कधी कमी चाललेलीच होती. सदरे वाळत घालताना मनात आलं, तू आता कारखान्यात आत गेली असशील. आत जाताना अंगावरची, पिशवीतली एकूण एक वस्तू लिहून घेतात, मोबाइल गेटवर ठेवून घेतात आणि बाहेर येताना सगळं पुन्हा मोजतात, हे तूच सांगितलं होतंस. एक स्क्रू इंजिनात राहिला तर विमानाचं काय होईल, म्हणून. तुझ्या कामाच्या डगल्याची बटणं काढून मी नाड्या शिवल्या, त्याही त्यासाठीच.

यंत्रांचे फोटो काढायचं हे वेड तू कुठून आणलंस, मला अजून कळलेलं नाही. बाबा लेथवर असायचे, तू त्यांचा डबा घेऊन जायचीस आणि लोखंडाचा किस कसा वळत वळत पडतो ते बघत बसायचीस. मागून आणलेल्या कॅमेऱ्यानं पहिला फोटो काढलास तो त्या किसाचा. मावशी म्हणाली, यात माणूस कुठाय? बाबा म्हणाले, माणूस घाम पुसायला गेलाय. पुढे पंपांचे फोटो, मग बॉयलरचे, मग क्रेनवर चढून काढलेले. शेजारपाजारचे विचारायचे, पोरगी आमच्याकडच्या लग्नाचे फोटो काढेल का? बाबा सांगायचे, नवरानवरी लोखंडाचे असतील तर काढेल. चकचकीत धातूत फोटो काढणाराच दिसतो, म्हणून मी तुला काळ्या कापडाचा पडदा शिवून दिला, मधे भिंगापुरतं भोक. त्या पडद्याआड तू पाच वर्षं काढलीस. बाईमाणूस शिडीवर कसं चढणार, असं विचारणाऱ्या सुपरवायझरला तू शिडी धरायला लावलंस, ही गोष्ट बाबांनी डॉक्टरांनाही दोनदा ऐकवली होती.

आणि मग विमानाच्या इंजिनाचं काम आलं. कामाच्या तिसऱ्या दिवशी इंजिनावर झाकण बसणार, त्यानंतर आतलं कुणाला दिसणार नाही, आणि ते शेवटचं दृश्य तू एकटी टिपणार. बाबांनी गल्लीभर सांगितलं. मी वाचनालयातल्या बाईंना सांगितलं. चौथीत शाळा सुटलेली बाई मी, पुस्तकं बदलायला गेले की खाली मान घालून उभी राहायचे. त्या दिवशी नाही राहिले. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

तो तिसरा दिवस म्हणजेच ती सकाळ. दहाच्या सुमाराला बाबांच्या ओठांचा रंग बदलला. म्हणाले, ठमीला बोलाव. मी डॉक्टरांना निरोप पाठवला. ते आले, सुई टोचली आणि म्हणाले, बघू, संध्याकाळपर्यंत कळेल. बाबा पुन्हा म्हणाले, बोलावलंस का? मी म्हटलं, हो, निघालीय. मग त्यांनी मला उशी फिरवायला लावली, दाराकडे तोंड करून. तुझ्या कारखान्यापासून घर चार तासांवर, त्यांनी हिशोब केला असावा, कारण दोन वाजल्यापासून ते नुसते दाराकडे बघत होते. पुस्तकांत मी वाचलंय, माणसं जाताना काहीतरी मोठं बोलतात. यांनी चार वाजता विचारलं, ती वाटेत काही खाईल ना? मी म्हटलं, खाईल. पाचला ते गेले.

तू आठ वाजता बाहेर आलीस, मोबाइलवर शेजाऱ्यांचे निरोप बघितलेस, तोवर शेवटची गाडी गेलेली होती. ती रात्र तू स्टँडवर बसून काढलीस, एवढं तू सांगितलंस. बाकीचं कधी बोलली नाहीस. सात महिने झाले, तू कोपऱ्यावरच्या दुकानात ओळखपत्रांचे फोटो काढतेस. मी काही म्हटलं की म्हणतेस, आई, ज्या कामानं मला बाबांपासून तोडलं ते पुन्हा करायचं नाही. मी ऐकून घेते.

काल मावशी सांगत होती, तू कॅमेरे विकायला काढलेस, रविवारी गिऱ्हाईक येणार. म्हणून हे पत्र. समोर बसून सांगायचं मला जमलं नसतं. ठमे, त्या दिवशी दहा वाजता मी कारखान्याच्या गेटवर फोन केला होता आणि तो लागला होता. पहिल्याच घंटेला गेटवरच्या माणसानं उचलला. म्हणाला, ताई, बोलावतो, पण एकदा बाहेर आल्या की आज परत आत घेता येणार नाही, एवढं तातडीचं आहे का? रिसीव्हर हातात धरून मी बाबांकडे बघितलं. वाटलं, अशी धाप याआधीही लागलीय, ओसरलीय. वाटलं, तू बाहेर आलीस तर तुझ्याविनाच झाकण बसेल. तुझी पाच वर्षं आठवली, वाचनालय आठवलं, सगळं एकदम. मी म्हटलं, नाही, विशेष काही नाही, तिला सांगूही नका. तू निघाली असतीस तर दोनला पोचली असतीस. तुझ्या कामानं तुला तोडलं नाही, मी तोडलं. पुढे तू त्या गेटवरच्या माणसाशी भांडायला गेलीस, तो म्हणाला फोन आला होता, आणि तू त्याला चारचौघांत खोटारडा म्हणालीस, तेव्हाही मी गप्प राहिले. त्याची माफी माग. मला माफ करायचं की नाही ते तुझं तू ठरव, पण कॅमेरे माझ्या पापासाठी विकू नकोस. बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू आलीस, खांद्यावरची बॅगही न उतरवता विचारलंस, आई, गेटवर फोन का नाही केलास? मी तुझ्या डोळ्यांत बघून म्हटलं, केला होता, कुणी उचललाच नाही.

तुझीच,
आई