गोधडीतला आहेराचा तुकडा

आई, रविवारी तुझ्या पणतीचं बारसं आहे, वर्ध्याला, माझ्या लेकीच्या सासरी. पहिलं बाळंतपण म्हणून ती आपल्याकडं देवळीला यायची होती, पण सेवाग्रामचा दवाखाना त्यांच्या घरापासून जवळ, म्हणून तिकडंच राहिली. आपल्या वाट्याला नुसता बाळंतविडा पोचवायचं काम आलं. झबली झाली, टोपडी झाली, चांदीचे वाळे झाले, डिंकाचे लाडू तुझ्या सुनेनं रात्रीचा दिवस करून वळले. आणि मी एक गोधडी शिवली. हो, मीच. हसू नकोस. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं, आताशा सकाळीही फारसं नसतं, लोक मोबाइलवरून कपडे मागवतात. मग गादीवर मांडी घालून टाके घालत बसायचो. समोरचा चहावाला एकदा ग्लास ठेवता ठेवता म्हणाला, "काय शेट, कापड इकनं सोडून गोधड्या शिवून राह्यले काय?" मी हसलो आणि सुई चालूच ठेवली. गोधडी झाली, बरी झाली, तुझ्याइतकी नाही पण टाके एका रांगेत आले. आणि आता ती न्यावी की नेऊ नये, तेच ठरत नाही.

तू स्वयंपाकघरातच शिवायचीस. जेवणं आटोपली की फरशी पुसून घ्यायची, ती वाळेपर्यंत सुया ओवून ठेवायच्या, आणि मग तुझं जुनं लुगडं जमिनीवर पसरायचं. अजून दिसतं मला. तू भिंतीला टेकून बसली आहेस, चष्मा नाकावर घसरला आहे, मी समोरच्या टोकाला कापड ताणून धरलं आहे. बाबांच्या धोतराचे पदर आत, वर ताईच्या फ्रॉकचे, माझ्या शाळेच्या सदऱ्याचे तुकडे. एकदा मी मोठ्या हौशीनं दुकानातून कोरं कातरण आणलं, लालभडक, चकाकणारं. तू ते बोटात घेऊन चोळलंस आणि माझ्या हातावर चापट मारलीस. "कोरं कापड लेकराले टोचते. खळ असते त्याच्यात, रंग जाते. आधी आंगावर वापरा, धुवा, मऊ होऊ द्या, मंग आना माह्याकडे." कापडाच्या दुकानदाराचा मी मुलगा, आणि आपल्या घरच्या गोधडीत दुकानातलं बोटभर कापड कधी गेलं नाही.

शेवटचा कोपरा तू उघडा ठेवायचीस. त्यात वाळलेल्या पोळीचा नखाएवढा तुकडा घालायचा आणि मग शिवून टाकायचं. गोधडीला घास द्यायचा, नाहीतर ती उपाशी राहते आणि उपाशी गोधडी ऊब देत नाही, असं तुझं म्हणणं. एकदा घास घातल्यावर मला एक टाका वाकडा दिसला, मी म्हटलं उसवू या, तर तू म्हणालीस, "जेवाले बसवल्यावर कोनाले उठवते काय?" तेव्हापासून आपल्या घरात घास दिलेली गोधडी कोणी उसवली नाही.

तर मीही तुझ्याच रीतीनं शिवली. खाली तुझं शेवटचं अंजिरी लुगडं, जे तू गेल्यापासून मी ट्रंकेत जपलं होतं. वर लेकीच्या कॉलेजातल्या ओढण्या, तुझ्या सुनेच्या दोन सुती साड्या, माझे सदरे. मधोमध मऊसूत कापड पाहिजे, बाळाची पाठ तिथंच टेकणार, म्हणून सगळ्यांत मऊ झालेला निळ्या चौकड्यांचा शर्ट फाडून लावला. परवा तुझ्या सुनेनं गोधडी उजेडात धरली आणि खाटेवर मटकन बसली. "अवो, हा तं व्याह्यांनी पोरीच्या लग्नात देल्लेला शर्ट हाय! आहेराचा!" मग म्हणाली, "आता त्याइचंच कापड फाडून त्याइच्याच घरी नेऊन द्याचं काय?" आई, मला लगेच हिंगणी आठवली, ताईच्या सासरचं गाव.

तुला विसरता आली असेल का, देव जाणे. ताईच्या पहिल्या मुलाचं बारसं, आपण दोघं बसनं गेलो होतो, मला नुकतंच मिसरूड फुटलं होतं आणि पिशव्या धरायला मी. तुझ्या मांडीवर गोधडीचं गाठोडं. वाटभर तू ते खाली ठेवलं नाहीस. बायका भरपूर जमल्या होत्या. ताईच्या सासूबाईंनी गोधडी उलगडली, सगळ्यांना दिसावी म्हणून वर धरली, आणि तशाच थांबल्या. एका हिरव्या तुकड्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे तं मी देल्लेलं लुगडं व्हय ना, इहीनबाई? आमच्या आहेराच्या चिंध्या केल्या काय तुमी?" कोणीतरी हसलं. ताई पाळण्याच्या दोरीकडं बघत राहिली. तू पदर सारखा केलास आणि घुगऱ्यांची परात पुढं सरकवलीस. मला वाटलं होतं तू खाडकन उत्तर देशील, दुकानातल्या भल्याभल्यांना गप्प करणारी तू. पण लेक ज्या घरात नांदते तिथं जीभ चालवायची नसते, हे मला तेव्हा कुठं कळत होतं.

परतीच्या बसमध्ये सेलूचा थांबा मागं पडला तरी तू खिडकीबाहेरच बघत होतीस. मग माझ्याकडं न बघता म्हणालीस, "फाटेस्तोवर नेसली मी ते लुगडं. नाई आवडतं तं घडी बी मोडली नसती, ट्रंकीत राह्यलं असतं, नाई तं दुसऱ्या लग्नात देऊन देल्लं असतं. नेसून नेसून इरलं म्हून गोधडीत आलं. पन हे कोनाले सांगू?" एवढंच बोललीस. मी कापडवाला आहे, मला आज त्या बोलण्याची किंमत कळते. आहेराचं कापड कसं फिरतं ते मी रोज बघतो. एकच शर्टपीस पाच लग्नं हिंडून येतो आणि त्याच्या घडीवरचा कागद तसाच असतो. कधी कधी तर माझ्याच दुकानातून गेलेला मला आहेरात परत मिळतो, आणि मी गुपचूप तो कपाटात लावतो. नेसून फाडणारा माणूस शंभरात एखादा. पण त्यानंतर ताईला मात्र दिवाळी-अक्षयतृतीयेला टोमणा बसायचा, "तुह्या मायकडे लुगडे फाडतेत." आणि तू त्यानंतर घराबाहेर एकही गोधडी दिली नाहीस. शेजारीण मागायची, माझी मावशी मागायची, तू म्हणायचीस डोळ्याला दिसत नाही. दिसत तर होतं. माझ्या लेकीसाठी शिवलीस तेव्हा तांदळातला खडासुद्धा दिसत होता.

आता मला सांग, मी काय करू? व्याही माणूस वाईट नाही, पण बारीक नजरेचा आहे. आमच्या घरी आले तर पंख्याची पाती किती झिजली आहेत तेही सांगतात. विहीणबाई हसून बोलतात, पण हसण्याआधी एक क्षण थांबतात, आणि त्या एका क्षणाची मला भीती वाटते. ते दोघं एका शब्दानंही बोलणार नाहीत कदाचित. पण माझ्या लेकीला त्यांचे चेहरे वाचत त्या घरात राहायचं आहे, मी लाडू खाऊन संध्याकाळच्या बसनं परत येईन. ताईचं तोंड मला आठवतं, ती पाळण्याची दोरी आठवते. माझ्या हौसेपायी लेकीला वर्षानुवर्षं ऐकून घ्यावं लागलं तर? तुझी सून म्हणते, "दुकानातलं मऊ ब्लँकेट न्या, गुलाबी, ससे काढलेलं. कोनाचं काई म्हननं नाई." तिचंही चुकत नाही. ती हिंगणीला नव्हती, पण तिनं ताईला माहेरी येऊन रडताना पाहिलंय.

तो तुकडा काढावा म्हटलं तर काढता येत नाही. मधोमध आहे, टाके आरपार गेलेत, तेवढं उसवलं तर सगळी गोधडीच हातात येईल. मग तुझ्या सुनेनंच तोडगा काढला, वरून दुसरा तुकडा लावा, झाकून टाका. पटलं मला. पण तसला मऊ तुकडा घरात उरला नव्हता, म्हणून काल हिंगणीला ताईला फोन लावला, आईचं एखादं लुगडं तुझ्याकडं आहे का म्हणून. कशाला पाहिजे, तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग म्हणाली, "अरे, तसंच तं केलं होतं सासूबाईनं!"

मला काही कळेना. तर ताई सांगते, ती गोधडी त्या घरातल्या सगळ्या पोरांनी वापरली. तिच्या पोरांनी, दिरांच्या पोरांनी. वापरून वापरून तोच हिरवा तुकडा आधी विरला. टोमणे चालूच होते, पण एका दुपारी सासूबाई आपल्या अंगावरून उतरलेल्या लुगड्याचा पदर घेऊन बसल्या आणि त्या विरलेल्या जागेवर त्यांनी तो लावला. कोणाला सांगितलं नाही, कोणाला हात लावू दिला नाही. पुढं म्हातारपणी थंडी वाजायला लागली की तीच मागायच्या, म्हणे, "ते इहीनबाईची आना." आई, 'इहीनबाईची'. ती गोधडी तुझ्या नावानं ओळखली जायची त्या घरात.

मी ताईवर भडकलो. म्हटलं, "मंग काऊन नाई सांगतलं आईले? तिनं त्या पायी गोधड्या देनं सोडून देल्लं!" ताई मग हळूच म्हणाली, "तिनं कधी इचारलं नाई, अन् मी कुठून काढू तो इषय? मले वाटलं इसरली असंन. तिले वाटलं असंन का मी इसरली." फोन ठेवल्यावर एक गिऱ्हाईक पॉपलीन मागत होतं, मी त्याला अस्तर दाखवत होतो. मला तुझा राग आला, खरं सांगतो. विचारायला काय झालं होतं? एकदा हिंगणीला जायचं आणि बघायचं गोधडी कुठं आहे. पण मग वाटलं, नसती दिसली तर? म्हणून तू विचारलंच नाहीस. मीही नसतं विचारलं.

आज सकाळी झाकायचा विचारच सोडून दिला. निळा चौकडा उघडाच आहे. कोणी बोट ठेवलंच तर सांगेन, व्याहीबुवा, कॉलर उसवेपर्यंत घातला हा शर्ट, तुमच्या सूनबाईला विचारा. हे वाक्य मी आरशापुढं दोन-तीनदा म्हणूनही पाहिलं. एकदा चांगलं वाटतं, एकदा भांडण काढल्यासारखं वाटतं. मग उघड्या कोपऱ्यात रात्रीच्या पोळीचा तुकडा घातला, शिवून टाकला आणि दोरा दातानं तोडला. आता उसवायची सोय राहिली नाही. तुझी सून दारातून बघत होती. तिनं एवढंच विचारलं, "गाठ पक्की मारली ना?"

हे लिहायला घेतलं तेव्हा कोपरा उघडाच होता, वाटलं होतं, हा कागदही त्यात घालावा, तिथूनच तुला पोचेल. पण धुण्यात कागदाचा लगदा होतो आणि लेकराच्या पाठीला टोचेल, तू पुन्हा चापट मारशील. म्हणून तो घडी करून मोजपट्टीखाली ठेवतो, दुकानातच राहील. एक मात्र तुला सांगून टाकतो, बायकोलाही सांगितलेलं नाही. बारशाच्या पिशवीत मी ते सशांचं गुलाबी ब्लँकेटही घातलंय. तिथं गेल्यावर चेहरे बघून काय काढायचं ते ठरवू, असं मनात आहे. सकाळपासून दोनदा पिशवी उघडली, एकदा ते वर केलं, एकदा ही. आत्ता, हे लिहिताना, गोधडी वर आहे.