कारण: घरकाम

काका,

मनगट कारखान्यात दुखावलं की घरी, हे कसं ओळखायचं? नर्सिंगची पदवी मिळाली, तरी याचं उत्तर मला येत नाही. तरीही शिलाई विभागातल्या अकरा बायकांच्या मनगटाच्या उपचारांसाठीच्या अर्जांवर मी ‘कारण: घरकाम’ असं लिहिलं. तुम्ही विभागाचे मुकादम, कारखान्याच्या दवाखान्यातली ही नोकरीही तुम्हीच लावून दिलीत. "अगं, बाईमाणसाचा हात घरी काय स्वस्थ बसतो?" असं म्हणालात आणि मी मान डोलावली. घरकाम लिहिलं की कारखान्याला उपचार द्यावे लागत नाहीत, हे मला ठाऊक होतं.

सोमवारी बारावा अर्ज घेऊन काकू आली, तीही तुमच्याच विभागात मशीनवर बसते. तिच्या अंगठ्याखालचा मांसल भाग पार बसला आहे, आणि तीन बोटांना सुई टोचली तरी कळत नाही. मनगटात नस दबली आहे, आता शस्त्रक्रियाच करावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलंय. मी सवयीने तेच कारण लिहायला घेतलं, तर ती हसायलाच लागली.

"घरकाम? दोन वर्षं भांडी तुझे काका घासतात, कपडेही तेच पिळतात. मग त्यांचं मनगट कसं गं ठणठणीत?"

तुम्ही हे कधी कुणाला सांगितलं नाहीत. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं.

हे पत्र तुम्हाला देणार नाही. दिलं तर तुम्ही मला समजावाल आणि मी ऐकेन. म्हणून आधीच बाराही अर्जांवरचं ‘घरकाम’ खोडून ‘कारण: शिलाई मशीन, रोज नऊ तास’ असं लिहून, खाली माझी सही करून, आज दुपारी ते सरकारी कामगार कार्यालयात देऊन आले.

तुमची पुतणी