पोर कुणाच्या मांडीवर

बुधवार, २५ डिसेंबर. आचरा

मागच्या सीटवर मी! मी आणि पिशव्या. पुढं गाडी चालवायला आमचा लेक राजवर्धन, त्याच्या शेजारी हे. मधल्या सीटवर सूनबाई, सूनबाईची आई, आणि त्या आईच्या मांडीवर आमची नंदू. राधानगरी सुटल्यापासून फोंडा घाट उतरेपर्यंत मला माझ्या नातीचं नुसतं टोपडं दिसलं.

सहल ऐश्वर्यानं काढली. पाच दिवस कोकण. मला वाटलं, सासू-सासऱ्यांना समुद्र दाखवायचाय पोरीला. आदल्या दिवशी फोन — ‘आई, माझी मम्मी पण येणाराय हं.’ मी काय बोलणार? ‘येऊ दे की,’ म्हणाले.

पद्मावतीबाई शिरोळकडच्या. जैन. मालक तात्यासो जाऊन चार वर्षं झाली, शेती मुलगा बघतो. राजवर्धननं हे लग्न ठरवलं तेव्हा दोन्हीकडच्या माणसांत पहिल्यांदा ‘होऊ द्या’ म्हणाल्या त्या याच. ते मी विसरत नाही. माणूस वाईट नाही. पण पोर हातातनं सोडत नाहीत!

घाटात जे कानावर पडलं ते लिहून ठेवते, उगाच मनात कुजायला नको. नंदू चौदा महिन्यांची. पुण्यात तिला सांभाळणारी बाई जानेवारीपासून येणार नाही. ऐश्वर्याचं ऑफिस. म्हणजे घरचं कुणीतरी जाऊन राहायला पाहिजे. दिवाळीपासून मी वाट बघतेय — आज म्हणतील, उद्या म्हणतील. आपल्या तोंडानं कसं म्हणायचं? आणि आज ऐश्वर्या आपल्या आईला म्हणते, ‘मम्मी, तूच ये की पुण्याला. तुझ्याशिवाय हिला कोण हाय?’

कोण हाय! मागं बसलेली बाई काय पिशवी हाय?

पद्मावतीबाई पोरीच्या डोक्यावर हनुवटी टेकून बाहेर बघत बसल्या. भाव खायचा तरी किती!

दाजीपूरच्या पुढं गाडी थांबवून डबे सोडले. दशम्या केल्या होत्या. पद्मावतीबाईंसाठी म्हणून तिळाची चटणी बिनलसणाची, वेगळ्या डब्यात, वेगळा चमचा. त्यांनी हात जोडले. ‘माझा नियम हाय इहीणबाई. वाईट वाटून घेऊ नका.’ पाणीसुद्धा आपल्याच तांब्यातलं, कापडानं गाळून उकळलेलं. स्वतःचं पीठ, स्वतःची भांडी, सगळं घेऊन आल्यात. आमच्या गल्लीतल्या पाटलीणबाई जैनच आहेत. रात्रीचं खात नाहीत, कांदा-लसूण नाही, ते मला माहीत आहे. पण दुसऱ्याच्या घरची दशमी त्यासुद्धा नाकारत नाहीत.

हे म्हणाले, ‘आण हिकडं, त्यो डबा मी संपवतो.’ संपवला.

येताना कुणकेश्वर केलं. पिंडीपुढं हात जोडले तरी मन मागंच. पोर त्यांच्याच कडेवर.

गुरुवार, २६ डिसेंबर

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, त्यात एकादशी. दोन्ही उपास एका दिवशी आले. परगावी असले म्हणून मोडायचा प्रश्नच नाही. उतरलोय ते घर शालूबाईंचं. तीन खोल्या पाहुण्यांना देतात, मागं माड, त्याच्या मागं समुद्र. त्यांच्याकडं नारळ मागायला गेले तर म्हणाल्या, ‘व्हये तितके घेवा वहिनी.’ पानं दिली, जास्वंदी दिल्या, पाटसुद्धा धुऊन दिला. घट मांडला. इतकी सुरेख मांडणी घरी शिवाजी पेठेतसुद्धा कधी झाली नव्हती.

नंदूला पूजेला बसवायचं, हळदीकुंकू लावायचं मनात होतं. हाका मारल्या. पोर माडाखाली पद्मावतीबाईंच्या पुढ्यात. त्या तिला शिंपले दाखवत होत्या — उचलायचे नाहीत, नुसते बघायचे, ‘ह्यात जीव असंल बाळा.’ ऐश्वर्या म्हणते, ‘रमलीय हो आई, असू दे की.’

मी गेले आणि उचलून आणली. रडली. पण कुंकू लावलं.

आता दुपारचं. पद्मावतीबाई दिवसातनं एकदाच जेवतात! हे नवीन. उपासबिपास नाही, रोजचंच. न बोलता जेवत होत्या. चौथ्या घासाला केस निघाला. झालं, हात धुऊन उठल्या. आता उद्यापर्यंत काही नाही. ऐश्वर्याच्या डोळ्यांत पाणी! राजवर्धन म्हणतो, ‘मम्मी, थोडं तरी घ्या.’ शालूबाई कपाळाला हात लावून उभ्या. घरदार हळहळलं.

आणि मी? सकाळपासून घोटभर चहावर. दोन-दोन उपास. एकानं विचारलं नाही, आई, शेंगदाणे तरी खाल्लेस का!

देवा, उपासाला असा हेवा येऊ देऊ नये. कळतंय. येतोय.

शुक्रवार, २७ डिसेंबर

उपास सोडला.

मालवणला गेलो. बाजार बघितला, जेटीवर उभं राहून किल्ला लांबनं बघितला. होडीला ही गर्दी. हे आणि राजवर्धन ‘नारळपाणी पिऊन येतो’ म्हणून तासभर गायब. आले ते बडीशेप चावत. सुरमईचा वास बडीशेपेनं जातो होय? हे माझ्या कानात म्हणतात, ‘समुद्राला येऊन घेवडा खाऊ व्हय? इहीणबाईंच्या नादानं मला हितंच मोक्ष मिळायचा.’ हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

संध्याकाळी आचऱ्याच्या वाळूत. सगळे पाण्यात गेलो, मीसुद्धा, पातळ गुडघ्यापर्यंत धरून. पद्मावतीबाई लाटेपासून दहा पावलं लांब, कोरड्या वाळूवर. नंदूला मी हात धरून चालवत होते. माझ्याकडं होती! माझ्या बोटाला धरून! लाट आली, पाय भिजले, खळखळून हसली. आणि वळून कोरड्या वाळूकडं बोट करून म्हणाली — ‘आज्जी!’

पहिल्यांदा म्हणाली. स्पष्ट.

मी सहा महिने फोनवर घोकून घेतलंय तिच्याकडनं, ‘म्हण आज्जी, म्हण आज्जी.’ शब्द माझा. दिला त्यांना.

ऐश्वर्या पळत जाऊन आईच्या गळ्यात पडली. ‘मम्मी, ऐकलंस? ऐकलंस ना? आता सांग!’ काय सांग? त्यांनी तोंड पदरात घेतलं. मी पाण्यातच उभी. पायाखालची वाळू सरकत होती.

खोलीवर आल्यावर पद्मावतीबाई एक पिशवी घेऊन आल्या. आत इरकल साडी. मोरपंखी, लाल काठ. ‘एकदाच नेसलीया. मला आता लागत न्हाय. तुमाला शोभंल.’ वापरलेली साडी! मला! आम्ही काटकसरीनं राहतो, पण दुसऱ्याचं उतरलेलं अजून अंगाला लावलं नाही. म्हटलं, ‘राहू दे की, तुमच्या सुनेला द्या.’ ‘तिला दिल्यात बाकीच्या,’ म्हणाल्या. पिशवी परत घेऊन गेल्या.

शनिवार, २८ डिसेंबर

वेंगुर्ल्याला जाऊन आलो. काजूगर, आमसुलं घेतली. बंदरावर वारा छान.

पण लिहायचंय ते संध्याकाळचं.

परत आल्यावर सगळे पुन्हा वाळूत. पद्मावतीबाईंचं जेवण दुपारीच झालेलं. त्या मांडी घालून बसल्या, ऐश्वर्यानं नंदूला त्यांच्या मांडीवर ठेवलं. ठेवलं म्हणजे मुद्दाम — हे वाळूत घर करत होते, पोर तिकडं जायला बघत होती, तर तिला उचलून, पाय पुसून, आईच्या मांडीवर! मी शेजारीच बसलेली. माझ्या मांडीत काटे होते काय?

पाच मिनिटांत पोर झोपली. सूर्य पाण्याला टेकला होता. पद्मावतीबाई तिकडं बघतच नव्हत्या. खाली मान. पोरीचं एकेक बोट उघडत होत्या आणि मिटत होत्या. ऐश्वर्या त्यांच्या खांद्याला टेकून हळू म्हणाली, ‘बघ की कशी निजलीय. जमंल तुला हिला सोडायला?’ आणि माझ्याकडं न बघता राजवर्धनला, ‘मम्मी आपल्याबरोबर थेट पुण्यालाच येईल, बघ तू.’

म्हणजे ठरलं. वाळूत बसून ठरलं. मला कुणी विचारायचं राहू दे, सांगायचंही नाही.

मी उठले. ‘वारं सुटलंय, पोरीला बाधंल,’ म्हणाले, आणि झोपलेली पोर त्यांच्या मांडीवरनं उचलली. ऐश्वर्या एकदम, ‘आई, राहू द्या! आई, नको!’ — जवळजवळ ओरडलीच. मी थांबले नाही. पोरीला पदरात गुंडाळून चालू लागले.

वारं नव्हतं. खोटं बोलले. तिन्हीसांजेला.

माडाच्या कुंपणापाशी वळून बघितलं. पद्मावतीबाई तशाच बसलेल्या. दोन्ही हात मांडीवर तसेच गोल, पोर अजून आत असल्यासारखे. मग हळूहळू हात सोडले त्यांनी. जोडले. समुद्राकडं बघून जोडले की माझ्याकडं, लांबनं कळलं नाही.

खोलीत येऊन दिवा लावला, शुभंकरोती म्हटलं. पोर माझ्या मांडीवर, तासभर. पाय बधिर झाला, हलवला नाही. खूप बरं वाटलं. लिहिते ते खरं लिहिते — खूप बरं वाटलं.

रविवार, २९ डिसेंबर. कोल्हापूर

घरी.

सकाळी निघताना बॅगा भरत होते. पद्मावतीबाई दारात आल्या. हात जोडून म्हणाल्या, ‘इहीणबाई, या पाच दिसात, आन् आधीबी, माझं काय चुकलं असंल, मन दुखावलं असंल, तर क्षमा करा.’ मला वाटलं, कालचा टोमणा आहे. गोड शब्दात मारतात काही माणसं. मीही कमी नाही. म्हणाले, ‘माझंबी तसंच समजा. आणि चेन लावायला जरा धरा ही बॅग.’

धरली त्यांनी.

गाडीत मात्र आज आपणहून मागच्या सीटवर जाऊन बसल्या. पिशव्यांत. ‘बाळाला त्यांच्याकडं द्या,’ म्हणाल्या. ऐश्वर्या म्हणाली, ‘मम्मी, पुढं ये.’ ‘न्हाय.’ ‘मम्मी, पुण्याला?’ ‘न्हाय बाळा. मी यायची न्हाय. आता इचारू नगंस.’

कणकवलीपासून घाट चढेपर्यंत ऐश्वर्या रडत होती. यांनी आरशातनं मला खूण केली, काय झालं? मी मान हलवली. मला काय माहीत? माझ्या मांडीवर नंदू होती. टोपडं नाही, अख्खी नंदू.

एकदा पोर मान वळवून मागं हात करायला लागली. मी तिला खिडकीतनं ट्रक दाखवला.

सोमवार, ३० डिसेंबर

राजवर्धनचा पुण्याहून फोन. ‘आई, तूच ये. पाच-सहा तारखेला नेतो.’

मिळालं! महाद्वारातनं आत जाऊन अंबाबाईला हळदीकुंकू वाहून आले. हे म्हणतात, ‘आन् मला भाकरी कोण घालणार?’ म्हटलं, महिनाभर खावा बडीशेप.

आज सोमवती अमावास्या. बॅग उद्या काढीन.

मंगळवार, ३१ डिसेंबर

बॅग काढली. नंदूसाठी जुन्या पातळांची दुपटी, नाचणीचं सत्त्व, जायफळ. यांच्यासाठी चटण्या करून ठेवल्या. गॅसची टाकी नोंदवली.

गुरुवार, २ जानेवारी

ऐश्वर्याचा फोन. शिरोळकडनं, माहेराहून. पद्मावतीबाई माघात दीक्षा घेणार. आर्यिका, म्हणजे त्यांच्यातली साध्वी, होणार. घर सोडायचं, नाती सोडायची. एकदा घेतली की नातीला हात लावायचा नाही. वर्षभर चाललं होतं त्यांचं. सहल ऐश्वर्यानं त्याचसाठी काढली — पोर पाच दिवस मांडीवर राहिली तर पाय निघणार नाही, पुण्याला येतील, सगळं मोडेल. मोडलंच तर गाजावाजा कशाला, म्हणून आम्हाला सांगितलं नव्हतं.

‘आई, मी तिच्या मांडीवर ठेवत होते. आणि तुम्ही उचलत होता.’ एवढंच म्हणाली. 

मग फोन पद्मावतीबाईंनी घेतला. ‘तिचं मनावर घेऊ नका, इहीणबाई. माझ्या हातानं पोर खाली ठेववत नव्हती. तुमी उचललीसा, म्हणून सुटलं. तुमाला लई पुण्य लागंल.’

अंबाबाई, हे पुण्य माझ्या नावावर लिहू नको.